दरवाज्यातील पोलादी नळी

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका शासकीय कार्यालयाच्या मोटारीला दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात अपघात झाला. चौफुलीवर आडव्या रस्त्याने आलेल्या मालवाहू गाडीची धडक मोटारीच्या डाव्या बाजूच्या मागील दरवाज्यावर बसली. त्या आसनावर कोणी नव्हते, त्यामुळे जीवितहानी टळली. दुरुस्तीसाठी रीतसर दरपत्रके मागविण्यात आली. एका दरपत्रकात 'दरवाजा आतील दांड्यासह नवीन बसविणे' असे नमूद होते. दुसऱ्यात 'दरवाजा उघडून आतील दांडा गरम करून सरळ करणे, पत्रा ठोकून रंग देणे' असे होते. दुसरी रक्कम पहिलीच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होती. तुलनात्मक तक्ता तयार झाला, न्यूनतम दर मंजूर करावा अशी टिपणी सादर झाली आणि ती मंजूरही झाली. त्या टिपणीवर ज्यांच्या स्वाक्षऱ्या होत्या त्यांत प्रस्तुत लेखकही एक होता.

आठवड्याभरात मोटार परत आली. दरवाजा पूर्वीसारखा उघडत होता, लागत होता. रंगही बेमालूम जुळला होता. वित्तीय नियमांच्या दृष्टीने व्यवहारात कोठेही उणीव नव्हती. उणीव होती ती दरवाज्याच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, आणि ती ध्यानात येण्यास बरेच महिने जावे लागले. तो दांडा म्हणजे वस्तुतः एक पोलादी नळी असते. ती कोणत्या पोलादाची असते, कशी घडविली जाते आणि घडविल्यानंतर तिला पुन्हा आगीजवळ नेल्यास काय होते, याची माहिती त्या वेळी आमच्यापैकी कोणालाही नव्हती. नंतर जी मिळविली ती येथे देत आहे. वाहनदुरुस्तीची देयके मंजूर करणारे अधिकारी, पंचायतीचे वाहन सांभाळणारे पदाधिकारी आणि पदार्थविज्ञान शिकविणारे शिक्षक यांचा या विषयाशी दैनंदिन संबंध येतो.

धडकेचे गणित

२०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदविले गेले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दिवसाला सरासरी ४६० हून अधिक. यांपैकी फार मोठा वाटा दुचाकीस्वार आणि पादचारी यांचा असतो, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. मोटारीच्या दरवाज्यातील नळी त्यांना वाचवू शकत नाही. तथापि चारचाकीत बसलेल्यांचा बचाव ज्या गोष्टींवर अवलंबून असतो, त्यांत सुरक्षा पट्ट्याखालोखाल गाडीच्या सांगाड्याचे स्थान आहे.

एक हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, वेगाने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा ५०,००० ज्यूल भरते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, केला की ऊर्जा दुप्पट न होता चौपट, म्हणजे २,००,००० ज्यूल होते. ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे हे जवळजवळ दहा मीटर उंचीवरून, तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडण्यासारखे आहे. ही सर्व ऊर्जा धडकेच्या क्षणी कोठेतरी जिरली पाहिजे. ती पत्र्यात आणि पोलादात जिरली नाही तर माणसाच्या शरीरात जिरते.

समोरून धडक बसली तर आघात आणि माणूस यांच्यामध्ये इंजिनाकडील एक मीटरच्या आसपास लांबीचा भाग असतो. तो चुरगळताना ऊर्जा खातो. बाजूने धडक बसली तर मध्ये असतो केवळ दरवाजा, आणि दरवाजा व खांदा यांत अंतर उरते वीतभर. तेवढ्या अवधीत आत येणारी वस्तू अडवावयाची असते. ही अडचण ओळखून अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९६९ च्या नमुन्यांपासून आपल्या काही मोटारींच्या दरवाज्यांत आडवे पोलादी दांडे बसविले. पुढे १ जानेवारी १९७३ पासून दरवाज्याने बाजूचा दाब किती सोसला पाहिजे याविषयीचा नियम त्या देशात लागू झाला. आज आपल्याकडील मोटारीचा दरवाजा आतून उघडून पाहिला तर काचेच्या खालच्या पोकळीत, पुढील बिजागरीच्या बाजूपासून मागील कुलपाच्या बाजूपर्यंत, आडवी किंवा तिरकी गेलेली अशी एक नळी वा पट्टी दिसते. नळी असेल तर तिचा व्यास साधारण अंगठ्याहून थोडा अधिक, सुमारे तीस मिलिमीटर; जाडी दोन-अडीच मिलिमीटर. इतक्या किरकोळ दिसणाऱ्या वस्तूवर एवढी भिस्त कशी, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडतो.

जाड पत्र्याविषयीचा समज

येथे एका रूढ समजाचा विचार करणे इष्ट ठरेल. 'पूर्वीच्या गाड्यांचा पत्रा जाड होता, त्या दणकट होत्या. आताच्या गाड्या बोटाने दाबल्या तरी चेपतात', असे आपण वारंवार ऐकतो. जुन्या गाड्यांविषयीचा जिव्हाळा समजण्यासारखा आहे. पण २००९ साली अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने या समजाची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर ही अवजड मोटार आणि २००९ सालची शेव्हरोले मालिबू या दोन्ही गाड्या ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर, पुढील भागाची एकच बाजू एकमेकींवर येईल अशा रीतीने आदळविण्यात आल्या. जुन्या गाडीत बसविलेल्या पुतळ्याच्या जागी माणूस असता तर तो वाचला नसता, कारण त्या गाडीची बैठकीची खोलीच मोडून आत आली. नव्या गाडीचे नाक पूर्णपणे चेपले, परंतु बैठकीची जागा शाबूत राहिली. चालकाच्या जागी असलेल्या पुतळ्याच्या पायास किरकोळ इजा संभवत होती, एवढेच.

याचे मूळ बेला बॅरेन्यी या ऑस्ट्रियात जन्मलेल्या अभियंत्याच्या विचारात आहे. डेमलर-बेंझ कंपनीत असताना त्याने १९५१ साली एका कल्पनेचे एकस्व मागितले: गाडीचा पुढचा व मागचा भाग मुद्दाम चेपणारा असावा आणि मधली माणसांची खोली न चेपणारी असावी. १९५९ मध्ये मर्सिडीजच्या एका नमुन्यात ही कल्पना प्रत्यक्षात आली. तेव्हापासून मोटारीच्या सांगाड्यात दोन परस्परविरोधी गुणांचे पोलाद लागू लागले. पुढील लांब नळ्या घडी घालत घालत मिटल्या पाहिजेत, भात्यासारख्या. त्यांना फार कठीण पोलाद चालत नाही. बैठकीभोवतालचे खांब, छताच्या कडा आणि दरवाज्यातील दांडे यांनी मात्र शक्य तेवढे वाकूच नये. बोटाने दाबून जो पत्रा आपण पाहतो तो यांपैकी काहीच नव्हे. ते वरचे आवरण असते.

पोकळपणाचे बळ

दांडा भरीव न करता पोकळ का करावयाचा, हे शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला सांगण्यास वेळ लागत नाही. बांबू पोकळ असूनही घराचे आढे पेलतो. वाकवताना दांड्याची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधला भाग जवळजवळ स्वस्थ राहतो. त्या मधल्या भागातील धातू काढून तो कडेला नेला तर तेवढ्याच वजनात अधिक काम होते.

आकड्यांत पाहू. वीस मिलिमीटर व्यासाची भरीव सळई घ्या. तेवढ्याच वजनाच्या पोलादाची, बाहेरून चाळीस मिलिमीटर व्यासाची नळी केली तर तिची भिंत सुमारे २.७ मिलिमीटर जाडीची होते. ही नळी त्या सळईच्या साडेतीनपट वाकवणारा भार सोसते आणि ताठपणात ती सळईच्या सातपट असते. मग व्यास आणखी वाढवून भिंत आणखी पातळ का करू नये? कारण एका मर्यादेपलीकडे भिंत स्वतःच चेपते. वहीच्या कागदाची सुरळी करून तिच्यावर पुस्तक ठेवावे. ते तोलले जाते. तीच सुरळी मधोमध वाकवावी; थोडा वेळ ती दाद देत नाही आणि नंतर एकाएकी एका ठिकाणी चपटी होऊन मोडते. नळी अशीच मोडते. ती गोलाई जोवर टिकवून धरते तोवरच तिचे बळ असते, म्हणून घडविताना तिची गोलाई बिघडू न देणे याला कारखान्यात अतिशय महत्त्व दिले जाते.

बळकट पोलाद वाकत नाही, हीच अडचण

साध्या मऊ पोलादाची एक चौरस मिलिमीटर छेदाची तार ताणली तर साधारण तीस ते चाळीस किलोग्रॅम भाराला ती तुटते. दरवाज्याच्या दांड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उच्च सामर्थ्याच्या पोलादाची तशीच तार सुमारे दीडशे किलोग्रॅम भार सोसते. अभियंत्यांच्या भाषेत हे सामर्थ्य १,५०० मेगापास्कल होय. मग सारी गाडीच अशा पोलादाची का करत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे.

उत्तर घडणावळीत आहे. मऊ पोलाद तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या तीस-चाळीस टक्के ताणले जाते. त्यामुळे त्याला हवा तो आकार देता येतो. दीडशे किलोचे पोलाद पाच-सहा टक्के ताणले की तुटते. शिवाय कोणताही धातू वाकवून सोडला की थोडा मागे उसळतो. पोलाद मऊ असो वा कठीण, त्याची स्थितिस्थापकता जवळजवळ सारखीच असते. म्हणून ते जितके बळकट, तितके अधिक मागे उसळते. मऊ नळीच्या तुलनेत कठीण नळीचे हे उसळणे सुमारे पाचपट असू शकते. नव्वद अंशांत वाकविलेली नळी सोडताच भलत्याच कोनात येऊन थांबते. वाकविताना बाहेरच्या बाजूची भिंत पातळ होते, आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि मधला छेद लंबगोल होतो. मऊ नळीत हे दोष आत गाभा सरकवून आवरता येतात. प्लंबर नळ वाकविताना त्यात वाळू भरतो, त्यातलाच हा प्रकार. कठीण नळी गाभा घातला तरी चिरते.

यावर जो मार्ग निघाला तो सांगावयास सोपा आहे: पोलाद मऊ असताना त्याला आकार द्यावा आणि आकार दिल्यावर कठीण करावे.

लोहाराचे पाणी, कारखान्याचे पाणी

आपल्या गावातील लोहार हेच करीत आला आहे. विळा किंवा कुऱ्हाड तो लाल तापवून ऐरणीवर घडवितो, आणि घडवून झाल्यावर पुन्हा तापवून धारेकडची बाजू पाण्यात बुडवितो. याला तो 'पाणी देणे' म्हणतो. शस्त्राला आणि पुढे माणसालाही आपण 'पाणीदार' म्हणतो, त्या शब्दातले पाणी हेच.

यामागील शास्त्र असे की, नऊशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या पोलादात कार्बनाचे अणू लोहाच्या स्फटिकांत विरघळून मोकळे वावरतात. पोलाद सावकाश निवले तर ते अणू बाजूला होऊन वेगळे थर करतात आणि पोलाद मऊ राहते. ते एकदम निवविले तर कार्बनाला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. तो स्फटिकांत अडकून त्यांना ताणून धरतो. या अवस्थेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात.

शिक्षकांना हे वर्गात दाखविता येते. शिवणकामाची सुई घेऊन ती वाकविण्याचा प्रयत्न केला तर ती कट्कन मोडते. दुसरी सुई चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर लाल होईपर्यंत तापवावी आणि ज्योतीपासून सावकाश दूर नेत निवू द्यावी. आता ती तारेसारखी हवी तशी वळते. तीच सरळ करून पुन्हा लाल तापवावी आणि लगेच पाण्यात टाकावी. ती पूर्ववत कठीण व ठिसूळ होते. डोळ्यांना चष्मा लावून आणि विद्यार्थ्यांना अंतरावर उभे करून हा प्रयोग करावा. सुईच्या रूपात यामध्ये दरवाज्याच्या दांड्याची सारी हकीकत येते, आणि आमच्या टिपणीची चूकही.

सुईचे पोलाद फार ठिसूळ होते कारण त्यात कार्बन अधिक असतो. मोटारीच्या दांड्याला ठिसूळपणा परवडत नाही. म्हणून त्याच्या पोलादात कार्बन बेताचा, टनामागे सुमारे सव्वादोन किलो, ठेवून थोडे मँगेनीज आणि अगदी नाममात्र बोरॉन घालतात. बोरॉनचे प्रमाण टनामागे वीस ते पन्नास ग्रॅम, म्हणजे मूठभरही नाही. पण तेवढ्याने पोलादाची मऊ होण्याची गती इतकी मंदावते की, सेकंदाला तीसेक अंशांच्या वेगाने निवविले तरी ते संपूर्ण कठीण होते. स्वीडनमधील प्लान्या या कंपनीने १९७० च्या दशकात असे पोलाद तापवून साच्यातच दाबण्याची व निवविण्याची रीत विकसित केली; तिचा पहिला उपयोग करवतीची आणि गवत कापण्याच्या यंत्राची पाती करण्यासाठी झाला. १९८४ मध्ये साब ९००० या मोटारीच्या दरवाज्यातील दांड्यांसाठी हे पोलाद वापरण्यात आले. गवत कापणाऱ्या पात्यापासून माणसाच्या रक्षणापर्यंतचा हा प्रवास मोठा मनोवेधक वाटतो.

नळीच्या बाबतीत क्रम असा असतो. पोलादाची लांब पट्टी रोलरांच्या जोड्यांमधून जात जात हळूहळू गोल होते. तिच्या दोन कडा एकमेकींजवळ येताच विजेच्या उच्च कंपनांच्या प्रवाहाने त्या वितळण्याच्या बेतात तापतात आणि दाबून जोडल्या जातात; वेगळी वेल्डिंगची सळई लागत नाही. जोडावर वर आलेला धातू तासून टाकतात. अधिक काटेकोर माप हवे असेल तर ही नळी आम्लात स्वच्छ करून, तिला फॉस्फेट व साबणाचा लेप देऊन, थंड स्थितीतच एका कठीण छिद्रातून ओढतात. हे सर्व होईतो नळी मऊच असते.

चाकण औद्योगिक परिसरातील एका कारखान्यात पुढची क्रिया पाहण्याची संधी प्रस्तुत लेखकास मिळाली. तेथे भट्टी म्हणावी असे काही दिसले नाही. तांब्याच्या नळीचे एक वेटोळे होते आणि त्यातून पोलादी नळी स्वतःभोवती फिरत पुढे सरकत होती. विद्युत् प्रवर्तनाने वेटोळ्यातील तेवढाच भाग दोन-चार सेकंदांत नारिंगी लाल होई, आणि वीतभर पुढे असलेल्या कड्यातून चारही बाजूंनी पाण्याचे फवारे त्यावर पडत. लाल रंग पाण्यापाशी जणू कापल्यासारखा संपत होता. तेथील पर्यवेक्षकांनी सांगितले की, एखादा फवारा तुंबला तर त्या बाजूची नळी कमी कठीण होते आणि निवताना ती केळ्यासारखी वाकते. म्हणून पाळीच्या प्रारंभी प्रत्येक छिद्र तपासले जाते. बाजूला एका टेबलावर नळ्यांचे कापलेले तुकडे क्रमाने मांडलेले होते. प्रत्येकाची कठीणता मोजून नोंदवहीत लिहिली जात होती. इतक्या कठीण पोलादाला आम्ल आणि गंज यांचेही वावडे असते. त्यांच्यातून आत शिरणाऱ्या हायड्रोजनमुळे निर्दोष दिसणारी नळी काही दिवसांनी आपोआप तडकू शकते.

सरळ दांड्याचे हे झाले. छताजवळच्या कडा आणि पुढच्या काचेचे खांब दोन-दोन ठिकाणी वळलेले असतात. त्यांसाठी एक रीत पाण्याच्या दाबाची आहे. मऊ वा मध्यम सामर्थ्याची नळी साच्यात ठेवून तिची दोन्ही टोके बंद करतात आणि आत प्रचंड दाबाने पाणी सोडतात. नळी फुगून साच्याला चिकटते आणि तिच्या छेदाचा आकार ठिकठिकाणी वेगळा ठेवता येतो. जनरल मोटर्सच्या १९९७ च्या कॉर्व्हेट मोटारीच्या चौकटीचे लांब दांडे अशा रीतीने एकेका नळीतून घडविले गेले. दुसरी रीत जपानमध्ये विकसित झाली. तीत नळी वेटोळ्यातून जात असतानाच, तापलेल्या अरुंद पट्ट्यापाशी, यंत्रमानव तिला हव्या त्या दिशेला वळवितो आणि लगोलग पाणी पडते. वळविणे आणि पाणी देणे एकाच वेळी होत असल्याने मागे उसळण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, साचाही लागत नाही. होंडाच्या २०१६ पासून अमेरिकेतील ओहायो राज्यात तयार झालेल्या एनएसएक्स या मोटारीचे पुढचे खांब याप्रमाणे घडविलेले होते; खांब बारीक करता आल्याने चालकाच्या नजरेआड जाणारा रस्ताही कमी झाला.

नियम आणि एस.टी.

भारतात समोरील आणि बाजूच्या धडकेच्या चाचण्या नव्या नमुन्याच्या मोटारींना १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि सर्व मोटारींना १ ऑक्टोबर २०१९ पासून बंधनकारक झाल्या. बाजूच्या चाचणीत ताशी ५० किलोमीटर वेगाचा अडथळा उभ्या मोटारीच्या कुशीत आदळवितात. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही तारांकन देणारी ऐच्छिक योजना सुरू झाली. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहनांच्या चाचण्यांच्या कामी अग्रेसर आहे.

ग्रामीण वाचकाचा मोटारीपेक्षा एस.टी.शी संबंध अधिक. बसचा सांगाडाही चौकोनी पोलादी नळ्यांचाच असतो. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील महामंडळाच्या कार्यशाळांत पूर्वी ॲल्युमिनियमच्या बांधणीवर भर असे. अलीकडच्या वर्षांत पोलादी बांधणीकडे वळण्यात आले. बसची मुख्य परीक्षा उलटण्याची आहे. ८०० मिलिमीटर उंचीच्या कठड्यावरून ती कुशीवर पाडतात आणि प्रवाशांसाठी राखावयाच्या जागेत कोणताही खांब शिरत नाही ना, हे पाहतात. येथे दीडशे किलोचे पोलाद लागत नाही. बस मोडते ती बहुधा खिडकीखालच्या जोडापाशी, म्हणून तेथील वेल्डिंगकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

गॅसची ज्योत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीचे तापमान तीन हजार अंशांच्या वर असते. वाकलेल्या दांड्यावर ती धरली की मिनिटाभरात तेवढा भाग लाल होतो आणि नळी हातोडीच्या दोन-चार ठोक्यांत सरळ होते. मिस्त्रीला वाटते, काम चोख झाले. परंतु नळी लाल होण्याच्या आधीच, तीन-चारशे अंशांपासून, कार्बनाचे अडकलेले अणू सुटू लागतात. पुढे ती हवेत निवली की त्या पट्ट्यातले सामर्थ्य दीडशेवरून पन्नास-साठ किलोंपर्यंत उतरू शकते. शिवाय हा मऊ पट्टा नळीच्या मध्यावर, म्हणजे धडकेचा सर्वाधिक ताण येणाऱ्या जागी पडतो. थंड स्थितीत जॅक लावून सरळ करणेही योग्य नाही. एकदा वाकलेल्या नळीची गोलाई गेलेली असते आणि तिला बारीक चिरा पडलेल्या असू शकतात. म्हणूनच मोटार उत्पादकांच्या दुरुस्ती पुस्तिकांत असा भाग तापवू नये, सरळ करू नये, बदलावा, असे सांगितलेले असते.

मदतकार्य करणाऱ्यांनाही या पोलादाची ओळख हवी. जुन्या क्षमतेच्या कात्र्या असे खांब आणि दांडे कापताना अडतात, असा अनुभव परदेशांतील अग्निशमन दलांना आला. अडकलेल्या माणसाजवळ पोचण्यासाठी दांडा कापत बसण्यापेक्षा बिजागरी किंवा कुलूप उचकटणे अनेकदा लवकर साधते.

आमच्या कार्यालयातील हकीकत पुढे अशी झाली. त्या मोटारीच्या काचेची यंत्रणा बिघडली म्हणून दरवाज्याचे आतील आवरण दुसऱ्या एका कार्यशाळेत काढण्यात आले. तेथील वयस्क मिस्त्रींनी लेखकाला बोलावून घेतले. "साहेब, हे बघा," असे म्हणून त्यांनी विजेरीचा प्रकाश आत टाकला. नळीच्या मध्यभागी हातभर पट्ट्यावरचा मूळ लेप जळून गेला होता आणि कडांना निळसर-जांभळी झाक आली होती. त्यांनी कानस घेतली. टोकाजवळ ती घासली तर नुसती घसरत गेली, चकाकी येण्यापलीकडे फारसे काही झाले नाही. मधल्या पट्ट्यावर घासताच लोखंडाचा कीस खाली पडला. "इथं पाणी उतरलंय," ते म्हणाले. "कुणाचं लेकरू या बाजूला बसवू नका." धातुशास्त्राचे एकही पुस्तक त्यांनी वाचलेले नसावे.

दुसऱ्या दिवसापासून मोटारीच्या त्या आसनावर कोणासही न बसविण्याची सूचना चालकास देण्यात आली आणि नवा दरवाजा दांड्यासह बसविण्याचा प्रस्ताव सादर झाला. तो मंजूर होण्यास अडीच महिने लागले. एकाच दरवाज्यावर एका वर्षात दोनदा खर्च का झाला, असा लेखापरीक्षणाचा आक्षेप त्यानंतर आला. त्याच्या उत्तरासोबत उत्पादकाच्या दुरुस्ती पुस्तिकेतील संबंधित पृष्ठाची प्रत जोडण्यात आली आहे. काढलेली नळी दोन तुकडे करून कार्यालयातच ठेवली असून, वाहनदुरुस्तीची दरपत्रके उघडली जातात त्या दिवशी ती कानशीसह टेबलावर ठेवली जाते.